रिसीव्हरची बॅटरी : दूरनियंत्रित प्रतिकृती विमानांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूंना प्राधान्य मिळते, ही या विद्याशाखेची जुनी खोड आहे. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांच्या वाट्याला जेवढी पाने येतात, तेवढी ब्रेकच्या वाट्याला येत नाहीत. दूरनियंत्रित प्रतिकृती विमानांच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाने रेडिओलहरींच्या साहाय्याने उडवावयाच्या लहान विमानांच्या इतिहासाचीही हीच स्थिती आहे. या विषयावरील लेखनात इंजिने, पंखांचे आकार, रेडिओसंच आणि स्पर्धांतील विजेते यांची चर्चा विपुल आढळते. विमानाच्या पोटात स्पंजमध्ये गुंडाळून ठेवलेली रिसीव्हरची बॅटरी मात्र बहुधा एखाद्या वाक्यात आटोपली जाते.

या बॅटरीचे स्थान समजून घेण्यासाठी यंत्रणेची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चालकाच्या हातातील ट्रान्समीटर आज्ञा प्रक्षेपित करतो. विमानातील रिसीव्हर ती ग्रहण करतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या यंत्रणांकडे पोचवतो. सर्व्हो शेपटीवरील सुकाणू व पंखांवरील हलत्या झडपा फिरवतात. रिसीव्हर आणि सर्व्हो या दोहोंना वीज मिळते ती एकाच बॅटरीतून. हवेत असताना इंजिन बंद पडले तर विमान तरंगत खाली आणता येते. कुशल चालकाला त्यात फारसे भय वाटत नाही. रिसीव्हरची वीज गेली तर मात्र दोन-तीन किलो वजनाची, वेगाने जाणारी आणि पुढे फिरता पंखा असलेली वस्तू कोणाच्याही ताब्यात राहत नाही. ती कोठे पडेल हे सांगता येत नाही, आणि मैदानावर माणसे असतात.

प्रस्तुत लेखात या बॅटरीचा १९३७ पासूनचा मागोवा घेतला आहे. बॅटरीचा प्रत्येक नवा प्रकार जुन्या प्रकारचे अपयश दूर करताना वेगळ्या स्वरूपाचे अपयश घेऊन आला आणि त्यामुळे बॅटरी निवडण्याचा निकषही बदलत गेला, असे लेखाचे प्रतिपादन आहे. प्रथम वजन, नंतर साठा आणि अखेरीस भार पडला असता विद्युतदाब टिकवून धरण्याची क्षमता, असा हा क्रम दिसतो. निकष बदलल्याचे वापरणाऱ्यांच्या लक्षात येण्यास दर वेळी काही काळ लागला, आणि त्या मधल्या काळात विमाने पडली.

तीन बॅटऱ्यांचा काळ

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी नियंत्रित होणारी नौका लोकांसमोर चालवून दाखवली. त्या नौकेत विजेसाठी संचायक घट बसवलेले होते. नौकेचे वजन पाणी पेलते, त्यामुळे टेस्लांना बॅटरीच्या वजनाची चिंता करण्याचे कारण नव्हते. प्रतिकृती विमानांपर्यंत ही कल्पना पोचण्यास त्यानंतर जवळजवळ चार दशके लागली. या विलंबाची इतरही कारणे आहेत, परंतु ‘वीज हवेत कशी न्यायची’ हा प्रश्न त्यांत दुय्यम नव्हता.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कलामाझू येथील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ मध्ये ‘गफ’ हे विमान दूरनियंत्रणाने उडवले. विमान वॉल्टर यांचे आणि रेडिओ विल्यम यांचा, अशी त्यांची कामाची वाटणी होती. पंखांचा विस्तार आठ फूट. प्रतिकृती विमान एवढे मोठे असण्याचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधण्याची गरज नाही. निर्वात नलिकांचा रिसीव्हर आणि त्याच्या बॅटऱ्या उचलण्यासाठी तेवढे पंख लागत होते. हे विमान पुढे १९६० मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेस देण्यात आले.

‘बॅटऱ्या’ हे अनेकवचन येथे हेतुतः वापरले आहे. निर्वात नलिकेतील तंतू तापवण्यासाठी दीड व्होल्टच्या आसपासची एक बॅटरी लागे. नलिकेच्या पट्टिकेला उच्च दाब देण्यासाठी ४५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाची दुसरी बॅटरी लागे. ती म्हणजे अनेक लहान शुष्क घटांची एकावर एक रचलेली चवडच असे. सुकाणू हलवणाऱ्या विद्युतचुंबकासाठी तिसरी बॅटरी. तिन्हींचे आयुष्य वेगवेगळे आणि त्यांतील कोणतीही एक संपली की नियंत्रण संपले. तीन साखळ्यांनी टांगलेला दिवा, पण कोणतीही एक साखळी तुटली तरी खाली येणारा, अशी ही रचना होती.

वजन कमी करण्याच्या दिशेने दोन गोष्टी विशेष उल्लेखनीय ठरतात. रेथिऑन कंपनीने १९३८ मध्ये आरके-६१ ही वायुभरित लघुनलिका बाजारात आणली. ती दूरनियंत्रित प्रतिकृतींच्या रिसीव्हरसाठीच योजलेली होती. एकाच नलिकेवर चालणारा रिसीव्हर तिच्यामुळे शक्य झाला आणि ४५ व्होल्टची बॅटरी पुरेशी ठरू लागली. संकेत नसताना नलिकेतून सुमारे दीड मिलिअँपिअर प्रवाह वाही. संकेत येताच तो घटे आणि त्या घटीने रिले सुटे. दुसरी गोष्ट विजेच्या काटकसरीची. सुकाणू फिरवण्याचे काम पीळ दिलेल्या रबराकडे सोपवण्यात आले. विद्युतचुंबक केवळ खटका सोडी, बाकीचे श्रम रबर करी. विजेकडून कमीत कमी काम करून घेण्याची ही युक्ती सुमारे दोन दशके टिकली. युद्धोत्तर काळात श्रवणयंत्रांसाठी तयार होणाऱ्या लहान नलिका आणि २२.५ व्होल्टच्या चिमुकल्या बॅटऱ्या छांदिष्टांच्या हाती आल्या. कर्णबधिरांसाठीच्या उद्योगाने विमानछंदाला केलेले हे साहाय्य सहसा कोणी नोंदवत नाही.

या काळातील अपयश हळूहळू येणारे होते. उच्च दाबाची बॅटरी उतरू लागली की नलिकेतील प्रवाहाची पातळी बदले आणि आदल्या दिवशी जुळवलेला रिले दुसऱ्या दिवशी जुळलेला राहत नसे. म्हणून उड्डाणापूर्वी रिसीव्हरला मिलिअँमीटर जोडून प्रवाह पाहणे हा नित्याचा विधी होता. विधी कंटाळवाणा होता, पण प्रामाणिक होता: बॅटरीची प्रकृती प्रत्येक उड्डाणाआधी प्रत्यक्ष मोजली जात होती. पुढील पिढ्यांनी हा विधी सोडला.

येथे एक प्रसंगोपात्त नोंद. वॉल्टर गुड हे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि दुसऱ्या महायुद्धात लक्ष्यसामीप्याने स्फोट घडवणाऱ्या रेडिओ-फ्यूजच्या विकासकार्यात ते सहभागी होते. त्या फ्यूजसाठी अशी बॅटरी तयार करण्यात आली, की तोफेतून गोळा सुटताना बसणाऱ्या धक्क्याने आतील काचेची कुपी फुटून विद्युतअपघटनी द्रव पसरे आणि मगच बॅटरी जागी होई. ती काही क्षण जगली तरी पुरे होते. प्रतिकृती विमानाच्या बॅटरीकडून अपेक्षा नेमकी उलटी असते.

चार घटांचा संकेत

बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याला तापता तंतू नाही आणि उच्च दाबाची गरज नाही. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून तो रिसीव्हरमध्ये शिरू लागला आणि साठच्या दशकात निर्वात नलिका तेथून हद्दपार झाल्या. तीन बॅटऱ्यांच्या जागी एक आली. वजनाचा प्रश्न सुटला असे वाटण्याच्या याच वेळी विजेची मागणी मात्र वाढली. कारण रबराची जागा विद्युतचलित्राच्या सर्व्होने घेतली. साठच्या दशकाच्या आरंभी डग स्प्रेंग आणि डॉन मॅथिस यांनी विकसित केलेल्या अंकीय प्रमाणबद्ध नियंत्रणपद्धतीत चालकाच्या हातातील कांडी जेवढी वळेल तेवढेच सुकाणू वळू लागले. सर्व्होला सेकंदाला सुमारे पन्नास वेळा एक ते दोन मिलिसेकंद रुंदीचा स्पंद मिळतो आणि त्या रुंदीवरून तो आपले स्थान ठरवतो. ते स्थान वाऱ्याच्या दाबाविरुद्ध टिकवण्यासाठी तो सतत वीज खात राहतो.

ही मागणी पुरवणे शुष्क घटाला जमणारे नव्हते. जॉर्ज लेक्लांशे यांच्या १८६६ च्या घटापासून निघालेला जस्त-कार्बन घट सावकाश, थोडी वीज देण्यात समाधानी असतो. अधिक प्रवाह मागितला की त्याचा दाब खचतो. उपाय हाताशी होता, पण तो जुना होता. वाल्डेमार युंगनर या स्वीडिश संशोधकाने १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला होता. तो पूर्णतः बंद डब्यात, वायू बाहेर न सोडता चालवणे १९४७ नंतर साध्य झाले आणि मगच तो विमानाच्या पोटात आडवा-उभा कसाही ठेवता येऊ लागला. फिल क्राफ्ट यांच्यासारख्या संच-उत्पादकांनी ही जोडणी सर्वमान्य केली. चार घट, प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ४.८ व्होल्ट, साठवणक्षमता ५०० मिलिअँपिअर-तास : हा संकेत पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकला. आजही बहुसंख्य सर्व्होंच्या माहितीपत्रकात पहिला आकडा ४.८ व्होल्टचाच दिसतो, तो या इतिहासामुळे.

निकेल-कॅडमियम घटाचा मोठा गुण हाच त्याचा मोठा धोका होता. ताजा भारलेला घट १.४ व्होल्टच्या आसपास असतो, लवकरच १.२५ च्या जवळ येतो आणि मग बहुतांश काळ जवळजवळ सपाट रेषेत चालतो. साठा संपत आला की १.१ व्होल्टनंतर तो एकाएकी कोसळतो. चालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की शेवटच्या उड्डाणापर्यंत सर्व्हो जोमदार चालतात आणि नंतर पूर्वसूचना न देता थांबतात. जस्त-कार्बन घट निदान आळसावून सांगत असे. भार न लावता साध्या व्होल्टमापकाने घेतलेला आकडा येथे निरुपयोगी ठरला. म्हणून ठरावीक भार लावून, केवळ कामाच्या टापूतील दाब विस्तारून दाखवणारे मापक मैदानावर आले. दुसरी शिस्त वहीची. किती मिनिटे उड्डाण झाले, एक दशांश दराने, म्हणजे ५० मिलिअँपिअर प्रवाहाने, चौदा ते सोळा तास भारण केले का, पूर्ण उतरवून मोजल्यावर किती साठा निघाला, यांची नोंद काटेकोर मंडळी ठेवत. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर चार सर्व्हो सरासरी २५० मिलिअँपिअर खात असतील तर कागदावर दोन तास मिळतात. जाणकार तासाभरातच थांबत. हा अर्ध्याचा नियम कोणी घालून दिला हे महत्त्वाचे नाही. मोजता न येणाऱ्या गोष्टीपासून अंतर राखण्याची ती व्यवहारी रीत होती.

‘स्मृतिदोष’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या व्याधीची या काळात फार चर्चा झाली. अर्धवट उतरवून पुन्हा भारल्यास घटाला ‘तेवढ्याचीच सवय लागते’, अशी ही समजूत. प्रयोगशाळेत आणि उपग्रहांसारख्या अत्यंत नियमित आवर्तनांत तिला आधार आहे. रविवारी तीन उड्डाणे आणि पुढच्या रविवारी पाऊस, अशा अनियमित वापरात तिचे महत्त्व बरेच कमी असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खरा घात दोन वेगळ्या ठिकाणी होता. एक, घटाच्या आतील पडद्यातून कॅडमियमचे सूक्ष्म काटे वाढून घट आतल्या आत जोडला जाई; तेव्हा त्याचा दाब शून्य होई. चारांपैकी एक घट असा गेला तर ४.८ चे ३.६ व्होल्ट उरतात आणि रिसीव्हर जगेल याची शाश्वती नाही. पाच घटांची बॅटरी असेल तर एक जाऊनही ४.८ उरतात. पाचव्या घटाचा आग्रह धरणाऱ्यांचा हा युक्तिवाद बिनतोड होता. सर्व्होला अधिक जोर मिळतो हा लाभ दुय्यम. दोन, बॅटरीच्या ऋण तारेवर आतून काळी झीज चढे. वरून प्लास्टिकचे आवरण शाबूत, आत तांबे ठिसूळ आणि रोधक झालेले. बॅटरी नवी आणली, तार जुनीच ठेवली, आणि विमान गेले, असे या छंदात अनेकदा घडले आहे.

चलित्राच्या बॅटरीचा आश्रय

एच. जे. टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये ‘रेडिओ क्वीन’ हे विमान विद्युतचलित्रावर उडवले. त्यासाठी त्यांनी चांदी-जस्त बॅटरी वापरली. ती हलकी व दमदार असते, परंतु महाग आणि थोडक्याच आवर्तनांची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोडलेल्या पहिल्या स्पुटनिकमध्येही याच जातीची बॅटरी होती आणि तीन आठवड्यांनी ती संपताच उपग्रहाचा आवाज थांबला. विद्युतचलित विमानांचा प्रसार पुढे निकेल-कॅडमियमवर झाला आणि त्यातून एक नवी कल्पना पुढे आली: चलित्रासाठी मोठी बॅटरी वाहून नेत असताना रिसीव्हरसाठी वेगळी कशाला? वेगनियंत्रकातच एक मंडल बसवून मोठ्या बॅटरीतून पाच व्होल्ट काढले जाऊ लागले.

साधे मंडल जादा दाब उष्णतेच्या रूपाने फेकून देते. ११.१ व्होल्टच्या बॅटरीतून पाच व्होल्टवर एक अँपिअर काढला तर सहा वॅटहून अधिक उष्णता बंदिस्त पोटात निर्माण होते. मंडल तापून स्वतःस बंद करून घेते तेव्हा बॅटरी भरलेली असूनही रिसीव्हर मरतो. वेगनियंत्रक आधी चलित्र तोडतो आणि उरलेली वीज सुकाणूसाठी राखतो, ही व्यवस्था शहाणपणाची आहे. परंतु ती साठा संपण्याविरुद्ध आहे, उष्णतेविरुद्ध नाही. स्विच-पद्धतीच्या मंडलांनी हा दोष बराच दूर केला. मोठ्या विमानांत स्वतंत्र बॅटरीच ठेवावी, हे मत अनेक अनुभवी चालकांनी तरीही सोडले नाही.

आकड्यांची भुरळ

निकेल-मेटल हायड्राइड घट १९८९-९० च्या सुमारास बाजारात आले. आकार तोच, दाब तोच, साठा दुप्पट आणि पुढे चौपट. पाचशेच्या जागी दोन हजारांहून अधिक मिलिअँपिअर-तासांचा आकडा वेष्टनावर छापलेला पाहून कोणासही बदल करावासा वाटला असता. एकाच डब्यात अधिक साठा कोंबण्यासाठी आतील रचना बदलावी लागते. कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या अशा अनेक घटांचा अंतर्गत रोध त्यामुळे जास्त होता. शिवाय ते पडून राहिल्यास स्वतःच उतरत. महिनाभर कपाटात ठेवलेली बॅटरी ‘भरलेली’ समजून नेणाऱ्यास हे ठाऊक असणे आवश्यक होते. स्वतः फारसे न उतरणारे घट २००५ मध्ये आले.

याच सुमारास दोन बदल एकत्र आले. सर्व्हो ‘डिजिटल’ झाले. ते अधिक घट्ट पकड धरू लागले आणि क्षणिक प्रवाह अधिक मागू लागले. दुसरे असे, की २००५ नंतर रेडिओसंच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळले. जुन्या ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरचा दाब क्षणभर खचला तर सुकाणू क्षणभर थरथरे आणि पुन्हा ताळ्यावर येई. चालकाला ते बहुधा जाणवतही नसे. नव्या रिसीव्हरमध्ये सूक्ष्मप्रक्रियक होता. साडेतीन व्होल्टच्या आसपासच्या मर्यादेखाली दाब गेला की तो बंद पडे आणि दाब परत आल्यावर पहिल्यापासून चालू होऊन आपला ट्रान्समीटर शोधू लागे. आरंभीच्या काही रिसीव्हरांना त्यासाठी काही सेकंद लागत. झाडांच्या उंचीवरून उडणाऱ्या विमानाला तेवढा वेळ नसतो.

साधा हिशेब करून पाहू. चार घट, प्रत्येकाचा अंतर्गत रोध ३० मिलिओहम धरला तर १२० मिलिओहम होतात. स्विच, जोडण्या आणि बारीक तारा यांचे मिळून आणखी १०० धरू. सहा सर्व्हो एकाच वेळी जोर लावून क्षणभर पाच अँपिअर मागतात. दाबातील घट ०.२२ गुणिले ५, म्हणजे १.१ व्होल्ट. ४.८ चे ३.७ उरले. थंड सकाळ असेल, जोडणी मळकी असेल किंवा बॅटरी निम्मी उतरलेली असेल, तर मर्यादा ओलांडली जाते. दोन हजार मिलिअँपिअर-तासांपैकी हजार शिल्लक असताना विमान पडते, आणि पडल्यावर तपासले असता बॅटरी उत्तम दाब दाखवते. त्यामुळे दोष रेडिओला दिला जाई. या काळातील वादांत ‘नवा पट्टा बेभरवशाचा’ असा सूर पुष्कळ ऐकू आला, त्यातील बराच भाग वस्तुतः बॅटरी, स्विच आणि तारा यांच्या खात्यावर टाकावा लागेल. साठा मोजण्याची सवय लागलेल्या समूहाला दाब मोजण्याचे वळण लागेपर्यंतचा हा संघर्ष होता. जाड तारा, चांगल्या जोडण्या, पाचवा घट, अथवा दोन स्वतंत्र बॅटऱ्या व दोन स्विच, हे उपाय सर्वांना ठाऊक होते. त्यांची निकड नवीन होती. उत्पादकांनीही रिसीव्हर लवकर पूर्ववत होईल अशी सुधारणा केली आणि उड्डाणातील किमान दाबाची नोंद चालकाला पाठवणारे संच पुढे आले.

आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती विमानविद्या हा उपक्रमाचा भाग आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्पर्धांसाठी अशी विमाने बांधतात. मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर येणाऱ्या अहवालांत पंखांच्या आकाराची गणिते अनेक पानांची असतात. रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यासाठी वरीलसारखी चार ओळींची आकडेमोड मागण्यास काहीच हरकत नसावी.

लिथियमचे आगमन

कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशाने सुट्या बॅटऱ्यांतील त्याच्या वापरावर कडक मर्यादा आणली. भारतातील २००१ चे नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना कवेत घेणारे नियम २०२२ मध्ये आले. छांदिष्टांच्या जुन्या पेटीतील निकेल-कॅडमियम घट कचरापेटीत न जाता संकलनकेंद्राकडे जाणे म्हणूनच आवश्यक आहे.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली आणि तिच्या पॉलिमर प्रकाराने विद्युतचलित विमानांचे स्वरूप पालटले. रिसीव्हरसाठी मात्र ती अडचणीची ठरली. एक घट ३.७ व्होल्टचा, म्हणजे अपुरा. दोन घट पूर्ण भारल्यावर ८.४ व्होल्ट, म्हणजे जुन्या सर्व्होंना घातक. मध्ये नियंत्रक बसवावा तर साखळीत आणखी एक दुवा वाढतो. उच्च दाबाचे सर्व्हो आल्यावर ही अडचण काही प्रमाणात दूर झाली.

जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिथियम-लोह-फॉस्फेटच्या संशोधनातून निघालेला घट या कामाला अधिक मानवला. दोन घटांचा दाब ६.६ व्होल्ट, सहा व्होल्टपर्यंतचीच मुभा असलेले जुने सर्व्हो वगळता तो नियंत्रकाशिवाय देता येतो. अंतर्गत रोध कमी, पडून राहिल्यास उतरणे अल्प, आणि पेट घेण्याची प्रवृत्ती पॉलिमर प्रकारापेक्षा बरीच कमी. त्याला लिथियमसाठीचाच, योग्य प्रकारावर लावलेला भारक लागतो. निकेलच्या भारकाने त्याचे भारण करणे धोक्याचे आहे.

या घटाची उतरणरेषा मात्र निकेल-कॅडमियमहूनही सपाट आहे. नव्वद टक्के भरलेली आणि तीस टक्के उरलेली बॅटरी मापकावर जवळजवळ सारखाच दाब दाखवते. त्यामुळे मैदानावर दाब पाहून साठ्याचा अंदाज बांधणे पुन्हा एकदा अशक्य झाले आहे. हे घट वापरणारे चालक संध्याकाळी घरी आल्यावर भारकाने किती मिलिअँपिअर-तास परत भरले तो आकडा पाहतात, त्याला उड्डाणाच्या मिनिटांनी भागतात आणि पुढच्या वेळी किती मिनिटे उडवावयाचे ते ठरवतात. सत्तरच्या दशकातील वहीतही हेच रकाने होते.